क्लाउडमधला डेटा नेमका कुठल्या देशात? परस्परविरोधी कायद्यांतून वाट काढण्यासाठी, पहिल्यापासून

एका युरोपीय ग्राहकाने करारावर सही करण्याआधी आम्हाला एक एक्सेल शीट पाठवली होती. दोनशेच्या आसपास प्रश्न. त्यातला एक असा: ‘आमचा डेटा कोणकोणत्या देशांत साठवला जातो? सर्व देश लिहा.’ मी शेजारच्या चौकटीत ‘फ्रँकफर्ट’ असं टाइप केलं आणि पुढे सरकलो. फ्रँकफर्ट हा देश नाही, हेसुद्धा तेव्हा खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी शीट परत आली. त्या चौकटीला पिवळा रंग आणि खाली चार उपप्रश्न. बॅकअप कुठे? लॉग कुठे? सपोर्टची माणसं कुठून लॉगिन करतात? तुमच्या क्लाउड कंपनीची मूळ कंपनी कोणत्या देशातली? चारपैकी एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती शोधण्यात तीन आठवडे गेले, आणि त्यातले निदान दोन वाचले असते, जर कुणी आधी बसवून सांगितलं असतं. म्हणून हे लिहितोय.

मी वकील नाही. खालची तयारी करून वकिलाकडे गेलात तर त्याचा आणि तुमचा वेळ कमी जाईल, एवढाच माझा दावा. ज्यांच्याकडे स्वतंत्र कायदा विभाग आहे त्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल. हे छोट्या टीमसाठी आहे, जिथे सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच हे प्रश्न येतात.

आधी दोन मिनिटं: भांडण कशाचं आहे?

डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने मायक्रोसॉफ्टला वॉरंट बजावलं: अमुक खात्याचे ईमेल द्या. ईमेल होते डब्लिनच्या डेटा सेंटरमध्ये. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, अमेरिकी वॉरंट आयर्लंडमध्ये चालत नाही. सरकारचं म्हणणं, कंपनी अमेरिकी आहे, इथूनच बटण दाबून ईमेल काढता येतात, मग अडचण काय? जुलै २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं, सुनावणीही झाली, पण निकाल यायच्या आत, मार्च २०१८ मध्ये, अमेरिकी संसदेने क्लाउड अ‍ॅक्ट मंजूर केला आणि वादच निकालात निघाला. या कायद्याप्रमाणे डेटा कंपनीच्या ताब्यात किंवा नियंत्रणात असेल तर तो जगात कुठेही ठेवलेला असो, वैध आदेश आला की द्यावा लागतो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २५ मे २०१८ ला, युरोपचा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, लागू झाला. त्याचं कलम ४८ सांगतं की परदेशी न्यायालयाचा किंवा प्रशासनाचा असा आदेश एरवी आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे आला असेल तरच मानला जाईल. म्हणजे एकाच फाइलबद्दल एक कायदा म्हणतो ‘द्या’, दुसरा म्हणतो ‘असं देता येणार नाही’. तुमचा सर्व्हर मधोमध उभा.

१. कागद गोळा करा

सुरुवात कायद्यांच्या वाचनाने करू नका. मी केली होती, आणि चौथ्या दिवशी मला जीडीपीआरची कलमं पाठ होती पण आमचे बॅकअप कुठे जातात हे माहीत नव्हतं. आधी हे समोर घ्या:

- क्लाउड कंपनीची गेल्या तीन महिन्यांची बिलं, रीजननिहाय फोड असलेली (रीजन म्हणजे कंपनीच्या डेटा सेंटरचं भौगोलिक ठिकाण)
- कंपनीच्या क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट, तेवढ्याच काळाचं
- प्रत्येक सेवेचा डेटा प्रोसेसिंग करार आणि त्यांची सब-प्रोसेसर यादी (तुमचा डेटा त्या पुढे ज्या कंपन्यांच्या हाती देतात त्यांची)
- ग्राहकांशी झालेले करार, विशेषतः ‘डेटा अमुक ठिकाणीच राहील’ असं विक्रीवाल्यांनी कुठे लिहून दिलंय का ते
- कोणाला प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या यंत्रणेचा, अ‍ॅक्सेस आहे आणि तो माणूस कुठे बसतो, याची यादी
- एक रिकामी शीट

बिलं का? कारण आर्किटेक्चरच्या आकृत्या इच्छा दाखवतात आणि बिल वस्तुस्थिती. आमच्या आकृतीत एकच रीजन होता. बिलात तीन होते. एक कुणीतरी चाचणीसाठी उघडून विसरलेला, आणि त्यात खऱ्या ग्राहकांच्या डेटाबेसची आठ महिने जुनी प्रत. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये तर अशा सेवा सापडतात ज्यांची नावं टीममधल्या निम्म्या लोकांनी ऐकलेली नसतात: ईमेल पाठवणारी, चॅट विजेट, सर्वेक्षणाचं साधन.

२. डेटाचा माग काढा, सर्व्हरचा नको

एक काल्पनिक ग्राहक घ्या. तो साइन अप करतो, बिल भरतो, तक्रार करतो, खातं बंद करतो. या प्रवासात त्याचं नाव, ईमेल, आयपी पत्ता कुठे कुठे लिहिला गेला ते एकेक पाऊल टाकत पाहा. मुख्य डेटाबेस सगळ्यांना आठवतो. विसरतात ते हे:

बॅकअप आणि रेप्लिका (चालू डेटाबेसची जुळी प्रत). आपत्तीच्या तयारीसाठी दुसऱ्या रीजनमध्ये प्रत ठेवणं शहाणपणाचं, पण तो रीजन दुसऱ्या देशात असेल तर ते कायद्याच्या भाषेत हस्तांतरण झालं.

सीडीएन, म्हणजे वापरकर्त्याच्या जवळच्या सर्व्हरवरून फाइल पोहोचवणारं जाळं. त्याचा धंदाच मुळी प्रती जगभर पसरवण्याचा. लोगो आणि स्टाइलशीट गेली तर काही बिघडत नाही. ग्राहकाने अपलोड केलेलं ओळखपत्र त्याच वाटेने जातंय का, ते बघा.

नावं आणि टॅग. फाइलचा किंवा बकेटचा (क्लाउडमधल्या फाइलींच्या डब्याचा) मजकूर एका रीजनमध्ये राहतो, पण त्याचं नाव, टॅग, बिलिंगची माहिती कंपनीच्या इतर यंत्रणांत फिरू शकते. बकेटला ग्राहकाचं नाव देण्याची सवय असेल तर ती मोडा.

आणि एरर लॉग, म्हणजे अ‍ॅपमधल्या बिघाडांच्या आपोआप होणाऱ्या नोंदी. यावर जरा थांबतो, कारण माझी झोप यानेच उडवली होती. आमचं अ‍ॅप फ्रँकफर्टमध्ये, डेटाबेस फ्रँकफर्टमध्ये, सगळं सोवळ्यात. एरर पकडणारी सेवा मात्र तिसऱ्याच कंपनीची आणि तिचे सर्व्हर अमेरिकेत. मी सहज एक जुनी एरर उघडली. पहिल्या ओळीत ‘ईमेल अवैध’ आणि त्यापुढे तो ईमेल, पूर्ण. खाली विनंतीचा सगळा मजकूर जसाच्या तसा: नाव, फोन, जन्मतारीख. कुणीतरी फॉर्ममध्ये ईमेलच्या शेवटी चुकून एक स्पेस दिली होती, आणि तेवढ्यावरून त्याची सगळी कुंडली महासागर ओलांडून गेली होती. अशा काही हजार नोंदी निघाल्या. दुरुस्ती सोपी होती, लॉगमध्ये जाण्याआधी ठरावीक रकाने झाकायचे. अर्ध्या दिवसाचं काम. ते आधी कधी कुणाला सुचलंच नव्हतं.

३. प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने भरा

शीटमध्ये प्रत्येक ठिकाणासाठी हे तीन रकाने करा:

डेटा ठेवलाय कुठे, ते एक. तो ठेवणाऱ्या कंपनीवर कोणत्या देशाचं शासन हुकूम चालवू शकतं, ते दोन. आणि तो उघडून बघू शकणारा माणूस बसतो कुठे, ते तीन.

पहिला रकाना भरून लोक थांबतात. क्लाउड कंपन्यांच्या जाहिरातीही तिथेच थांबतात. पण जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटसमोर मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं, फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रेंच प्रशासनाच्या संमतीशिवाय अमेरिकेला दिला जाणार नाही याची हमी देता का? हमी देता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. कायदाच तसा आहे.

तिसऱ्या रकान्याची किंमत बघायची असेल तर टिकटॉक बघा. मे २०२५ मध्ये आयर्लंडच्या डेटा आयोगाने त्यांना ५३ कोटी युरोंचा दंड केला. मूळ मुद्दा असा की युरोपीय वापरकर्त्यांचा डेटा इतर देशांतल्या सर्व्हरवर असला तरी चीनमधले कर्मचारी तो दुरून पाहू शकत होते. दुरून पाहणं हेही हस्तांतरणच. तेव्हा ‘आमचा सर्व्हर युरोपातच आहे, फक्त सपोर्टची टीम दुसऱ्या देशातून बघते’ हे वाक्य स्वतःच कबुलीजबाब आहे. ‘फक्त’ काढून टाका आणि ते शीटमध्ये लिहा.

४. कोणते कायदे लागू होतात ते ठरवा

इथे नवख्यांचा एक गैरसमज असतो: आमची कंपनी त्या देशात नाही, मग त्यांचा कायदा आम्हाला कशाला? जीडीपीआरचं कलम ३ वाचा. युरोपातल्या लोकांना तुम्ही वस्तू किंवा सेवा देऊ करत असाल, किंवा त्यांच्या तिथल्या वागण्यावर नजर ठेवत असाल, तर कंपनी कुठेही असो, कायदा लागू. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांना लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

मग प्रत्येक कायदा डेटा बाहेर न्यायला काय म्हणतो ते पाहा. धाटणी वेगवेगळी आहे. युरोपात मूळ नियम ‘नाही’. बाहेर न्यायला कारण दाखवावं लागतं. भारताच्या नव्या कायद्यात मूळ नियम ‘हो’. सरकार ज्या देशांवर बंदी घालील ते वगळून. पण एखाद्या क्षेत्राचा नियम जास्त कडक असेल तर तो चालतो. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितला आहे. रशियात १ सप्टेंबर २०१५ पासून तिथल्या नागरिकांचा डेटा तिथल्याच सर्व्हरवर असावा लागतो. ते न पाळल्याबद्दल लिंक्डइन २०१६ मध्ये तिथे बंद झालं. चीनचा २०२१ चा डेटा सुरक्षा कायदा तर स्पष्ट सांगतो की देशात साठवलेला डेटा परवानगीशिवाय परदेशी न्यायालयाला किंवा तपास यंत्रणेला देता येणार नाही.

सगळं जग पालथं घालू नका. तुमचे ग्राहक ज्या देशांत आहेत आणि तुमच्या क्लाउड कंपन्या ज्या देशांच्या आहेत, तेवढेच घ्या. बहुतेक छोट्या टीमची यादी चार-पाच देशांत संपते.

५. टक्कर कुठे होते ते खुणावा

आता शीटमध्ये लाल रंग लागतो. नेहमीच्या जागा अशा.

*देणं आणि न देणं.* वर सांगितलं तेच. अमेरिकी कंपनी आणि युरोपीय डेटा अशी प्रत्येक ओळ लाल करा, घाबरून न जाता.

*पुसणं आणि राखणं.* युरोपातला माणूस म्हणतो, माझा डेटा पुसा. दुसऱ्या देशाचा कायदा म्हणतो, नोंदी अमुक वर्षं ठेवा. जीडीपीआरच्या कलम १७ मध्ये ‘कायद्याने ठेवावं लागतं’ असा अपवाद आहे, आणि तो वाचून मी खूश झालो होतो. नीट वाचल्यावर कळलं, तिथे युरोपीय संघाचा किंवा सदस्य देशाचा कायदा अपेक्षित आहे. तिसऱ्या देशाचा कायदा त्यात बसत नाही. कोर्टातला दावा मांडायला किंवा लढवायला लागणारी माहिती ठेवता येते, ते वेगळं उपकलम. हा बारकावा वकिलाला विचारायच्या यादीत सगळ्यात वर ठेवा.

*घड्याळं.* डेटा फुटला तर जीडीपीआर पर्यवेक्षकाला कळवायला ७२ तास देतो. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगतात. दोन्ही लागू असतील तर तुमचं घड्याळ सहा तासांचं. रात्री दोन वाजता हे शोधत बसायची वेळ येऊ नये म्हणून नंबर, फॉर्म आणि जबाबदार माणूस आत्ताच लिहून ठेवा.

६. हस्तांतरणाचा आधार लिहून काढा

युरोपातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लाल ओळीला एक आधार हवा. पहिला, त्या देशाला युरोपीय आयोगाने पुरेसं संरक्षण असलेला देश मानलंय का? जपान, दक्षिण कोरिया, ब्रिटन, स्वित्झर्लंड अशी ती यादी आहे. भारत त्यात नाही. नसेल तर दुसरा आधार, प्रमाणित करारकलमं, ज्यांना सगळे एससीसी म्हणतात. ४ जून २०२१ ची आवृत्ती वापरा. जुन्या करारात अजून २०१० ची सापडते, ती आता चालत नाही. त्यात चार मॉड्यूल आहेत आणि कोण कोणाला डेटा देतंय यावरून ते निवडायचं. चुकीचं मॉड्यूल निवडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि समोरचा वकील ती पहिल्या पाच मिनिटांत पकडतो.

एससीसीवर सही केली की झालं, असं नाही. समोरच्या देशाचा कायदा त्या कलमांना निकामी करतो का, याचं मूल्यांकन लेखी करावं लागतं. आमचं पहिलं चार पानांचं होतं आणि पुरेसं ठरलं. चाळीस पानांचा साचा विकत घेऊ नका.

अमेरिकेसाठी वेगळी व्यवस्था आहे, आणि तिचा इतिहास लक्षात ठेवा. सेफ हार्बर २००० ची. मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियन माणसाच्या तक्रारीवरून युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये ती रद्द केली. मग २०१६ ची प्रायव्हसी शील्ड. ती १६ जुलै २०२० ला रद्द. सध्याची डेटा प्रायव्हसी फ्रेमवर्क १० जुलै २०२३ पासून आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपच्या सामान्य न्यायालयाने तिच्याविरुद्धची एक याचिका फेटाळली. आज ती वापरा, फक्त प्रमाणित कंपन्यांच्या यादीत तुमच्या सेवेचं नाव आहे ना ते स्वतः पाहा. आणि करारात एक ओळ घाला: ही व्यवस्था रद्द झाली तर एससीसी आपोआप लागू होतील. दोनदा छप्पर उडालेल्या घरात छत्री हाताशी असावी.

७. किल्ली कोणाकडे?

‘आम्ही एन्क्रिप्शन वापरतो’ (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा डेटा कुलूपबंद करतो) हे उत्तर पुरेसं नाही, कारण पुढचा प्रश्न येतोच. किल्ली क्लाउड कंपनीची असेल तर चोरापासून संरक्षण मिळतं, आदेशापासून नाही. किल्ली तुम्ही बनवलेली पण त्यांच्याच यंत्रणेत ठेवलेली असेल तर जरा बरं. तरीही डेटा वापरताना तो त्यांच्याच यंत्रावर उघडतो. विक्रेते याला ‘तुमची किल्ली’ म्हणतात. कुलूप मात्र त्यांचं, दारही त्यांचं.

किल्ली पूर्णपणे तुमच्याकडे आणि डेटा पाठवण्याआधीच बंद केलेला, हा तिसरा प्रकार. युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या जून २०२१ च्या शिफारशींत हा भेद स्पष्ट आहे: अशा रीतीने कुलूपबंद केलेला नुसता बॅकअप चालतो, पण क्लाउडला डेटा उघडून त्यावर काम करावं लागत असेल आणि तिथल्या सरकारचा हात तिथवर वाजवीपेक्षा जास्त पोहोचत असेल, तर कोणताही तांत्रिक उपाय मंडळाला सापडला नाही. म्हणून बॅकअप आणि जुन्या संग्रहाला हा उपाय आधी लावा, तिथे तो स्वस्त आणि पक्का आहे. किल्लीची प्रत मात्र दोन जागी ठेवा. हरवली तर सुटका करणारं कुणी नाही.

८. सरकारी पत्र आलंच तर

बहुतेक आदेश क्लाउड कंपनीकडे जातात, आणि कधीकधी ग्राहकाला कळवायलाही मनाई असते. तुमच्याकडे पत्र आलं तर घाईत उत्तर देऊ नका आणि काहीही पुसू नका. खरं आहे का ते पत्रावरच्या नंबरवरून न तपासता त्या कार्यालयाच्या अधिकृत नंबरवरून तपासा. मग वकील. एससीसीचं कलम १५ डेटा घेणाऱ्याला सांगतं की आदेश आल्यास डेटा देणाऱ्याला शक्य तेवढं कळवा, आदेशाची वैधता तपासा, वाजवी आधार असेल तर आव्हान द्या आणि शेवटी द्यावंच लागलं तर कमीत कमी द्या. क्लाउड अ‍ॅक्टमध्येही कंपनीला आव्हानाची वाट आहे, पण ती खास वाट अमेरिकेशी करार केलेल्या देशांच्या कायद्यापुरती. ब्रिटनचा करार ऑक्टोबर २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाचा जानेवारी २०२४ पासून अंमलात आहे.

९. शीट जिवंत ठेवा

दर तीन महिन्यांनी बिलं पुन्हा उघडा आणि नवा रीजन, नवी सेवा दिसली की ओळ वाढवा. तासाभराचं काम.

एक जागा मात्र आजच तपासा. क्लाउड कंपन्या आणि इतर सेवा नवा सब-प्रोसेसर घेण्याआधी ईमेलने कळवतात, आणि हरकत घ्यायला ठरावीक दिवस देतात. ते दिवस गेले की तुमची संमती धरली जाते. आमच्याकडे हे सगळे ईमेल बिलांच्या पत्त्यावर येत होते, आणि तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाचा होता. पेटी उघडली तेव्हा आत अकरा सूचना पडून होत्या. पहिली चौदा महिन्यांपूर्वीची, न वाचलेली, आणि त्यात आमच्या चॅट विजेटचा डेटा आता आणखी दोन देशांत जाणार असल्याचं नीट लिहिलेलं होतं.